पाठ कोणाच्या हाती द्यावी?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मिसिसिपीच्या काठी डॅव्हनपोर्ट नावाचं शहर आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी ही नदी नेमकी या शहरापाशी अंग मोडून पूर्व-पश्चिम होते. १८९५ साली इथल्या रायन ब्लॉक या इमारतीत डॅनियल डेव्हिड पामर नावाचा पन्नाशीचा गृहस्थ लोकांवर उपचार करत असे. तो डॉक्टर नव्हता. कॅनडात जन्मलेल्या या माणसाने आधी शाळेत शिकवलं होतं, मधमाश्या पाळल्या होत्या, किराणा विकला होता, सोनेरी मासेही विकले होते. आता तो 'मॅग्नेटिक हीलर' होता, म्हणजे आपल्या हातातल्या चुंबकीय शक्तीने रोग उतरवतो असं सांगत असे. त्या काळच्या अमेरिकेत असे हीलर गावोगावी होते.

त्याच इमारतीत झाडलोट करणारा हार्वे लिलार्ड हा कृष्णवर्णीय माणूस सतरा वर्षं जवळजवळ ठार बहिरा होता. ओणव्याने काम करताना पाठीत काहीतरी सटकलं आणि तेव्हापासून ऐकू येईना, असं त्याने पामरला सांगितलं. पामरने पाठ चाचपली, एक मणका जागचा हललेला लागला, तो त्याने हाताने दाबून बसवला आणि लिलार्डला रस्त्यावरच्या गाड्यांची चाकं ऐकू येऊ लागली. तारीख १८ सप्टेंबर १८९५. हाताने मणके बसवण्याच्या या विद्येचं नाव कायरोप्रॅक्टिक; तिची मंडळी हा तिचा जन्मदिवस मानतात. लिलार्डच्या मुलीने पुढे सांगितलेली हकिकत मात्र निराळी आहे. वडील कोणाला तरी विनोद सांगत होते, पामरने तो ऐकून हसत हसत त्यांच्या पाठीत थाप मारली आणि काही दिवसांनी त्यांना ऐकण्यात फरक वाटू लागला. यातली कोणतीही हकिकत खरी धरा, अडचण एकच: ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध येत नाही.

पामरला ही अडचण वाटली नाही. शंभरातले पंचाण्णव रोग जागा सोडलेल्या मणक्यांमुळे होतात आणि उरलेले पाच इतर सांध्यांमुळे, असा त्याचा हिशेब होता. शरीरात एक जन्मजात चैतन्य असतं, ते मज्जातंतूंवाटे अंगभर खेळतं, मणका सरकला की त्याची वाट अडते. या सरकण्याला त्याने 'सबलक्सेशन' म्हटलं. प्राण आणि नाड्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला यात फारसं परकं काही वाटणार नाही. आणि धोका आहे तो इथेच, कारण ओळखीचं वाटलं की माणूस पुरावा मागत नाही.

आज जगात कायरोप्रॅक्टिकच्या नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या शंभराहून अधिक पद्धती आहेत. कोणी दोन्ही हातांनी कडकन मणका मोडतो, कोणी पेनाएवढ्या उपकरणाने टिचकी मारतो, कोणी फक्त मानेच्या पहिल्या मणक्याला हात लावतो, कोणी टेबलच खाली-वर करतो. यातली कोणती चांगली, हा प्रश्न पाठ धरलेला प्रत्येक जण विचारतो. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचं उत्तर तंत्रांच्या यादीत शोधून हाती फारसं लागत नाही. त्यासाठी आधी या घराण्यातलं भांडण समजून घ्यावं लागतं.

भांडण बाप-लेकांपासूनचं आहे. पामरने १८९७च्या सुमारास डॅव्हनपोर्टलाच शाळा काढली. १९०६ साली विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, त्याने दंड भरायला नकार दिला आणि २३ दिवस तुरुंगात काढले. त्याच वर्षी शाळा मुलाच्या, बार्टलेट जोशुआ पामरच्या ताब्यात गेली. बी. जे. या नावानेच तो ओळखला जातो. बाप-लेकांचं पुढे इतकं फाटलं की, १९१३ साली बाप वारला तेव्हा मुलाने त्याला मोटारीची धडक दिली होती अशी वदंता उठली. मृत्यूचं नोंदलेलं कारण टायफॉइड. ज्याच्या मते जवळजवळ सगळे रोग मणक्यात होते, त्याला जंतूने नेलं.

बी. जे. हा विलक्षण विक्रेता होता. त्याने रेडिओ केंद्र विकत घेतलं. त्याच्या 'डब्ल्यूओसी' या नावाचा 'वंडर्स ऑफ कायरोप्रॅक्टिक' असा विस्तार तो स्वतःच सांगे. १९३२ साली याच केंद्रावर रोनाल्ड रेगन नावाचा एक तरुण खेळांचं धावतं वर्णन करायला लागला. १९२४ साली बी. जे.ने 'न्यूरोकॅलोमीटर' आणला. पाठीवरून फिरवलं की दोन्ही बाजूंच्या उष्णतेतला फरक दाखवणारं हे यंत्र. यावाचून सबलक्सेशन सापडणारच नाही, असं त्याने जाहीर केलं, आणि यंत्र विकत न देता जबर रकमेला भाड्याने द्यायला सुरुवात केली. शाळेतले चार ज्येष्ठ शिक्षक या प्रकाराला कंटाळून बाहेर पडले आणि १९२६ साली इंडियानापोलिसमध्ये त्यांनी स्वतःचं लिंकन कॉलेज काढलं. पुढे बी. जे. आणखी टोकाला गेला. सगळा कणा सोडा, मानेचे वरचे दोन मणके तेवढे नीट बसवा, बाकी शरीर आपलं आपण बघून घेईल, असं तो म्हणू लागला. गोल्फमधल्या एका फटक्यात चेंडू खळगीत जातो त्यावरून त्याने या पद्धतीला 'होल-इन-वन' नाव दिलं.

जे फक्त मणक्याला हात लावतात आणि सबलक्सेशनच्या मूळ सिद्धान्ताला धरून राहतात, ते 'स्ट्रेट'. जे व्यायाम, शेक, मालिश, आहार, जमेल ते वापरतात, ते 'मिक्सर'. ही नावं त्यांनीच एकमेकांना दिलेली. मिक्सरांची शाळा १९०६ साली डॅव्हनपोर्टमध्येच जॉन हॉवर्डने काढली आणि लवकरच शिकागोला नेली. तिथे ती 'नॅशनल' म्हणून नावारूपाला आली. स्ट्रेटांना मिक्सर बाटगे वाटत, मिक्सरांना स्ट्रेट भाबडे. पंथांमधलं भांडण आपल्याला नवीन नाही, पण या भांडणात एक गंमत आहे: सिद्धान्त टिकून राहिला तो विज्ञानाच्या नव्हे, वकिलांच्या आधारावर.

१९०७ साली विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावी शेगातारो मोरिकुबो या जपानी कायरोप्रॅक्टरवर खटला भरला गेला. परवान्याशिवाय ऑस्टिओपॅथी करतो, असा आरोप होता. ऑस्टिओपॅथी ही अँड्रयू टेलर स्टिल याने मिसूरी राज्यात कायरोप्रॅक्टिकच्या आधी रुजवलेली हाडं-सांध्यांचीच विद्या. टॉम मॉरिस या वकिलाने बचाव केला की, आमचं शास्त्र वेगळं, कला वेगळी, तत्त्वज्ञान तर अगदीच वेगळं. मग हा गुन्हा ऑस्टिओपॅथीचा कसा? मोरिकुबो सुटला. मॉरिस आणि त्याची पेढी पुढे कित्येक वर्षं देशभरातल्या कायरोप्रॅक्टरांचे खटले लढवत राहिली. त्या दिवसापासून तत्त्वज्ञान ही चैन राहिली नाही, ती कोर्टातली ढाल झाली. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकन सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या 'मेडिकेअर' विम्यात कायरोप्रॅक्टिकचा समावेश झाला, तोही एकाच गोष्टीपुरता: हाताने मणका बसवून सबलक्सेशन दूर करणे. ते एक्स-रेवर दाखवण्याची अट २००० सालापर्यंत होती. बिल पास व्हायचं तर कागदावर 'सबलक्सेशन' लिहावंच लागे. सिद्धान्ताला इतका भक्कम पगार मिळत असेल तर तो म्हातारा होत नाही.

डॉक्टरांनीही या पंथाला उगाचच हुतात्मा केलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ साली 'भोंदूगिरी समिती' नेमली. कायरोप्रॅक्टिक संपवणं हे तिचं मुख्य काम होतं. आपल्या सदस्यांनी कायरोप्रॅक्टरांशी व्यावसायिक संबंध ठेवणं संघटनेने अनैतिक ठरवलं होतं. शिकागोच्या चेस्टर विल्क आणि इतर काही कायरोप्रॅक्टरांनी १९७६ साली मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला आणि १९८७ साली न्यायाधीश सुसान गेट्झनडॅनर यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. कायरोप्रॅक्टिक गुणकारी आहे की नाही यावर आपण काही म्हणत नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं होतं. हा बारकावा जाहिरातींत सहसा येत नाही.

आता प्रत्यक्ष उपचाराच्या खोल्यांत जाऊ.

जगात सर्वाधिक चालते ती 'डायव्हर्सिफाइड' पद्धत. एका कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा वाकवतात, खांदा मागे आणि कंबर पुढे असा पीळ देतात आणि ताण पुरता आला की एक झटका. लहान आणि वेगवान. मोबाइलवर पाहिलेला 'कट्ट' तो हाच.

विस्कॉन्सिनमधल्या माउंट होरेब या गावात क्लॅरेन्स गोनस्टेडने याच झटक्याला काटेकोरपणा आणायचा प्रयत्न केला. १९२३ साली तो पामरच्या शाळेतून शिकून आला. मणका बसवण्याआधी पाठ नजरेने पाहायची, उपकरणाने उष्णता मोजायची, बोटांनी स्थिर आणि हालतं असं दोन्ही चाचपायचं आणि उभ्या कण्याचा आख्खा एक्स-रे काढून त्यावर रेघा मारायच्या. मग ठरवायचं की नेमका कुठला मणका, कुठल्या दिशेने. तो गादीवर भर देई. आपल्याकडे लोक 'गादी सरकली' म्हणतात तीच मणक्यांमधली गादी. त्याच्या दवाखान्यात लांबलांबून रुग्ण येत. १९६४ साली त्याने मोठा नवा दवाखाना बांधला, शेजारी राहायची सोय केली, विमानाने येणाऱ्यांसाठी धावपट्टीसुद्धा होती. खेड्यातल्या माणसाकडे विमानाने माणसं येतात तेव्हा त्याच्या हातात काहीतरी असणार, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटतं. प्रश्न इतकाच की, जे होतं ते त्या रेघांमध्ये होतं की हातांमध्ये.

मिनेसोटातल्या दोघा कायरोप्रॅक्टरांचे, आर्लन फर आणि वॉरन ली यांचे, हात दिवसभर अंगठ्याने झटके देऊन थकत. साठच्या दशकात दंतवैद्याच्या हत्याराशी खटपट करत त्यांनी स्प्रिंगवर चालणारं 'अ‍ॅक्टिव्हेटर' केलं. पालथं झोपलेल्या रुग्णाच्या टाचा जुळवून कुठला पाय आखूड दिसतो ते पाहायचं आणि त्यावरून कुठे टिचकी द्यायची ते ठरवायचं. आवाज येतो तो यंत्राचा. सांधा मोडत नाही. म्हातारे, भित्रे आणि हाडं ठिसूळ झालेले रुग्ण याच्याकडे वळतात.

फोर्ट वेनचे जेम्स कॉक्स यांची वाट आणखी वेगळी. त्यांच्या टेबलाचा पायाकडचा भाग हळूहळू खाली झुकतो आणि कंबर लयीत ताणली जाते. झटका नाही. पायात कळ जाणाऱ्यांसाठी ही पद्धत विशेष वापरतात. क्ले थॉम्पसन यांच्या टेबलाचा एकेक तुकडा झटक्याबरोबर खटकन इंचभर खाली पडतो, त्यामुळे हाताला जोर कमी लावावा लागतो. बी. जे.च्या मानेच्या मणक्याच्या वेडातून निघालेले पंथ अजूनही आहेत. त्यांत एक्स-रेवर कोन मोजतात आणि कानामागे इतका हलका स्पर्श करतात की काही केलं हे रुग्णाला कळतही नाही. स्नायूंची ताकद चाचपून अ‍ॅलर्जीपासून यकृतापर्यंत सगळं ओळखू, असं म्हणणारी 'अप्लाइड किनेसिऑलॉजी' १९६४ साली डेट्रॉइटच्या जॉर्ज गुडहार्टने काढली. तिच्यावर इथे जागा खर्च करत नाही.

या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे: नेमका मणका सापडला पाहिजे. कॅनडातल्या संशोधकांनी २००४ साली २८ कायरोप्रॅक्टरांना नेहमीचे झटके द्यायला लावले आणि आवाज कुठून निघतो ते पाठीवर बसवलेल्या उपकरणांनी टिपलं. कमरेत ठरवलेली जागा आणि प्रत्यक्ष आवाजाची जागा यांत सरासरी ५ सेंटिमीटरांहून अधिक अंतर निघालं. म्हणजे एखादा मणका इकडे किंवा तिकडे. एका झटक्यात अनेकदा एकापेक्षा जास्त सांधे वाजत, म्हणून निदान त्यातला एखादा ठरलेला असे इतकंच. मिलिमीटरात रेघा मारणाऱ्यांसाठी ही बातमी वाईट होती. तरी माणसं बरी होत होती, हेही खरं.

आणि तो आवाज? अल्बर्टा विद्यापीठात ग्रेग कॉचुक यांच्या गटाने २०१५ साली बोटांचे सांधे एमआरआय यंत्रात ओढून मोडले आणि चित्रफीत घेतली. सांध्याचे पृष्ठभाग एकदम विलग होतात त्या क्षणी आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. आवाज त्याच वेळचा. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नाही. झटका देताना आवाज आला की नाही यावर गुण अवलंबून नसतो, असंही दुसऱ्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. रुग्णाला मात्र 'कट्ट' झालं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, आणि व्हिडिओ करणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. मान पट्ट्यात अडकवून डोक्याकडून हिसका देणाऱ्या क्लिप लाखो लोक बघतात ते त्या आवाजासाठी.

मग पद्धती एकमेकींसमोर उभ्या केल्या तर? तसे प्रयोग झालेत, थोडे पण चांगले. पिट्सबर्गमध्ये १०७ कंबरदुखीच्या रुग्णांची तीन गटांत वाटणी करून एकाला हाताचा झटका, दुसऱ्याला अ‍ॅक्टिव्हेटर आणि तिसऱ्याला नेहमीचे डॉक्टरी उपचार दिले. २०१५ साली निकाल आला: चार आठवड्यांत हाताच्या झटक्याने अधिक आराम, यंत्राची टिचकी आणि डॉक्टर यांत फरक नाही, आणि तीन महिन्यांनी तिन्ही गट सारखेच. २०१६ साली आलेल्या, १९२ जणांच्या प्रयोगात झटका आणि कॉक्सच्या पद्धतीचं झुकतं टेबल यांची तुलना झाली. दोन्ही सारखे, आणि काहीच न करता वाट पाहणाऱ्यांपेक्षा दोन्ही बरे. स्ट्रेट आणि मिक्सर यांनी ज्यावरून शंभर वर्षं एकमेकांना शिव्या घातल्या, तो फरक रुग्णाच्या कमरेला तीन महिन्यांनंतर कळतही नाही.

सगळ्यात बोलका प्रयोग मात्र १९९८ सालचा, सिअ‍ॅटलच्या डॅनियल चेर्किन यांचा. कंबर धरलेल्या ३२१ जणांपैकी काहींना कायरोप्रॅक्टरकडे पाठवलं, काहींना मॅकेन्झी पद्धतीच्या फिजिओकडे, आणि उरलेल्यांना फक्त एक माहितीपुस्तिका दिली. मॅकेन्झी म्हणजे न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी. १९५६ साली त्यांचा एक रुग्ण डोक्याकडून उंच केलेल्या टेबलावर चुकून पालथा झोपला आणि बरं वाटून उठला, त्यातून त्यांनी मागे वाकण्याचे व्यायाम बसवले. आपल्याकडे फिजिओ कोपरांवर टेकून छाती उचलायला लावतात, त्याचं मूळ तिथे आहे. निकाल असा: कायरोप्रॅक्टर आणि मॅकेन्झी यांत फरक नाही, आणि दोघेही पुस्तिकेपेक्षा किंचितच पुढे. दोन वर्षांचा खर्च पुस्तिकावाल्यांचा माणशी १५३ डॉलर, फिजिओवाल्यांचा ४३७, कायरोप्रॅक्टिकवाल्यांचा ४२९. एवढ्यावरून पुस्तिका छापून मोकळं व्हावं असं कोणी म्हणेल. पण उपचार उत्तम वाटले का असं विचारल्यावर हात लावून घेतलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के 'हो' म्हणाले, पुस्तिकावाल्यांपैकी ३० टक्क्यांच्या आसपास. कोणीतरी वेळ देतं, पाठीवर हात ठेवतं, नेमकं कुठे दुखतं ते बोटाने शोधतं. हे औषध कुठल्याच पंथाच्या मालकीचं नाही आणि ते स्वस्तही नाही.

तेव्हा साध्या कंबरदुखीपुरतं कायरोप्रॅक्टिक काम करतं, माफक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केलं, त्यात हाताने मणके हलवण्याला सशर्त होकार आहे. आणि नकार कशाला आहे? कमरेच्या पट्ट्याला, ट्रॅक्शनला, अल्ट्रासाऊंडच्या शेकाला. म्हणजे आपल्या गल्लोगल्लीच्या दवाखान्यांत 'मणक्यात गॅप आहे' म्हणून दहा दिवस जे करतात, नेमकं त्याला. कायरोप्रॅक्टरला नाक मुरडणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

कायरोप्रॅक्टरांमधला खरा फरक मला दिसतो तो हाताखालच्या तंत्रात नाही, माणूस कुठे थांबतो यात आहे. पाठ आणि मान इतकंच माझं काम, असं म्हणणारा एक. आणि दमा, कानाचं दुखणं, बाळाचं रात्रीचं रडणं, सगळं मणक्यातच, असं म्हणणारा दुसरा. दोघेही तोच झटका देत असतील, पण ते एका व्यवसायातले नाहीत. विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी २००८ साली 'गार्डियन'मध्ये या दुसऱ्या प्रकारच्या दाव्यांवर लिहिलं, तेव्हा ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावरच बदनामीचा दावा लावला. २०१० साली अपील कोर्टात सिंग जिंकले, असोसिएशनने दावा सोडला. या खटल्याने उसळलेल्या चळवळीतून इंग्लंडचा २०१३चा नवा बदनामी कायदा आला. दरम्यान संतापलेल्या वाचकांनी कायरोप्रॅक्टरांच्या संकेतस्थळांवरचे दावे वेचून शेकडो तक्रारी केल्या. मेलबर्नमध्ये एका कायरोप्रॅक्टरने दोन आठवड्यांच्या बाळाला पाय धरून उलटं लटकवल्याची चित्रफीत पसरली, आणि २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या कायरोप्रॅक्टिक मंडळानेच दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यांना हात लावण्यावर बंदी घातली.

मानेबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला आतून चीर पडली तर पक्षाघात होऊ शकतो. हे विरळ आहे, पण तरुण माणसांत होतं. कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतात डेव्हिड कॅसिडी यांच्या गटाने २००८ साली अशा ८१८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. आधी कायरोप्रॅक्टरकडे गेलेल्यांत हे प्रमाण जास्त दिसलं, पण आधी फॅमिली डॉक्टरकडे गेलेल्यांतही तसंच. म्हणजे चीर आधीच पडलेली असते, मान दुखते म्हणून माणूस कोणाकडे तरी जातो, असा अर्थ त्यांनी लावला. हा अर्थ पटण्यासारखा आहे, तरी तो मानेला निर्धास्तपणे हिसका द्यायचा परवाना होत नाही. नुकतंच सुरू झालेलं, कधी नव्हे असं मान-डोकं दुखत असेल, चक्कर किंवा डबल दिसत असेल तर झटका नकोच. आपल्या सलूनमध्ये चंपीच्या शेवटी मान दोन्हीकडे मोडून देतात, तोही याच हिशेबात धरायचा. २०१७ साली दिल्लीकडच्या एका माणसाला अशी मान मोडून घेतल्यावर श्वास घेणं जड झालं. श्वासपटलाच्या नसेला इजा झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं.

डेन्मार्कने वेगळाच रस्ता धरला. १९९४पासून ओडेन्सेच्या विद्यापीठात कायरोप्रॅक्टिकचे विद्यार्थी पहिली काही वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या बरोबरीने बसून शिकतात. जन्मजात चैतन्याला तिथे इतिहासाच्या तासापलीकडे जागा नाही. अमेरिकेतही चित्र सरकतंय: अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने २०१७ साली आपल्याच सदस्यांना सांगितलं की, धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत कमरेचा एक्स-रे काढू नका. स्ट्रेट परंपरेतल्या संघटनांनी त्याला विरोध केला, आणि का नाही करणार? एक्स-रेवर रेघा नसतील तर सबलक्सेशन दाखवायचं कुठे?

आणि तरीही सगळं भाबडेपण एका बाजूला आणि सगळं शहाणपण दुसऱ्या, असं नाही. 'बरं वाटलं तरी येत राहा' हे कायरोप्रॅक्टरचं वाक्य मला कायम धंद्याचं वाटत आलं. स्वीडनमध्ये ३२८ रुग्णांवर ते तपासून पाहिलं गेलं. पुन्हापुन्हा कंबर धरणाऱ्या आणि पहिल्या उपचाराने गुण आलेल्या माणसांना ठरावीक अंतराने बोलावलं, तर वर्षभरात त्रासाचे दिवस सरासरी १२.८ने कमी झाले; भेटी जास्त लागल्या त्या सरासरी १.७. एवढ्यासाठी मी जाईन. पण यात 'गुण आलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. आधी चोवीस भेटींचं पॅकेज विकायचं आणि मग बघायचं, याला त्या प्रयोगाचा आधार नाही. अमेरिकेतल्या मिच हास यांनी ४०० जणांना शून्य, सहा, बारा किंवा अठरा वेळा झटके देऊन पाहिलं, तेव्हा बारावर सगळ्यात बरं दिसलं आणि अठराने वर काही मिळालं नाही. बाराचा फायदासुद्धा माफकच होता.

आपल्या गावांत हे सगळं पामरच्या आधीपासून आहे. उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, पायांकडून जन्मलेला, आणि त्याच्याकडून पाठीवर हलकी लाथ मारून घ्यायची. आमच्या आजोळी एक मावशी पायाळू होती. शेजारपाजारची मोठमोठी माणसं तिच्यापुढे पालथी पडलेली मी पाहिलेली आहेत, आणि उठताना बहुतेक जण 'मोकळं झालं' म्हणायचे. उसण दोन-चार दिवसांत आपली आपण जातेच, हा हिशेब मावशीच्या बाजूने होता. हाडवैद्य वेगळे. तुटकी हाडं बसवणारी ही घराणी अजून आहेत, त्यातल्या काहींचा हात खरोखर चांगला असतो, आणि पट्टी आवळून बांधल्याने काळानिळा पडलेला हात घेऊन रुग्णालयात येणारे रुग्णही अस्थिरोग डॉक्टर नेहमी बघतात.

आता पुण्या-मुंबईत कायरोप्रॅक्टिकच्या पाट्या लागल्यात. भारतात या विद्येचा स्वतंत्र कायदा नाही, नोंदणी परिषद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५च्या मार्गदर्शनात पूर्ण प्रशिक्षण म्हणजे ४,२०० तास. आपल्याकडे पाटी लावणाऱ्यांत परदेशातून तेवढं शिकून आलेला एखादा असतो, मूळचा फिजिओ असून मॅकेन्झीसारखी पद्धत नीट शिकलेला असतो, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून टेबल घेतलेलाही असतो. पाटीवरून तिघे वेगळे ओळखू येत नाहीत. फिजिओथेरपिस्टांसाठी २०२१च्या कायद्याने नोंदणीची वाट तरी आखली आहे, म्हणून ओळखीतलं कोणी विचारलं की, मी आधी फिजिओ पदवी विचारायला सांगतो.

आणि दुसरं, जे अमेरिकेतल्या लेखांत सहसा येत नाही. आपल्या देशात पाठदुखी म्हणून येणाऱ्यांत मणक्याचा क्षयरोग असलेली माणसं आहेत. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेलं वजन, पायांत येणारा जडपणा. अशा पोखरलेल्या मणक्यावर झटका बसला तर माणूस कायमचा खुर्चीला खिळू शकतो. साठीच्या बाईची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, तिच्याबाबतही तेच. लघवीवरचा ताबा जाणं किंवा बसायच्या जागेभोवती बधिरपणा येणं ही तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायची लक्षणं. म्हणून हात लावण्याआधी समोरचा माणूस ताप, वजन, रात्रीचं दुखणं आणि लघवी यांबद्दल विचारतो का, ते बघावं. न विचारता थेट 'झोपा पालथे' म्हणाला, तर चप्पल घालून बाहेर यावं, पैसे आधी भरलेले असले तरी.